लेक गोलकीपर झालीय! सराव कसा घ्यायचा?

चिंचेचं_बुटुक
नमस्कार मंडळी. मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, हे आधीच सांगून टाकते. लेक बारा वर्षांची, सातवीत. शाळेच्या मुलींच्या टीममधली गोलकीपर वडिलांच्या बदलीमुळे गाव सोडून गेली आणि "तुझी उंची बरी आहे, तू उभी राहा" म्हणून हिला गोलात उभं केलं. उंची म्हणजे काय, तर चार फूट दहा इंच! पण बाईसाहेबांना ते इतकं आवडलंय की झोपतानासुद्धा ग्लव्हज उशाशी असतात.

अडचण अशी की सराव म्हणजे बाकीच्या पंधराजणी ओळीने पेनल्टीच्या ठिपक्यावरून धडाधड बॉल मारतात आणि ही अडवते. अर्धा तास. एक अडतो, चार जातात, आणि ही रडवेली होऊन घरी येते. सरांनाही दोष देत नाही, एकटा माणूस आणि चाळीस पोरं. मग ही व्हिडिओ बघून घरात गादीवर उड्या मारते. परवा पलंगाच्या कडेवर कोपर आपटून घेतलं.

तर डाइव्ह शिकवायची कशी? सोसायटीच्या पार्किंगमध्ये काय काय करता येईल? मला आणि तिच्या बाबाला, दोघांनाही बॉल सरळ मारता येत नाही, हे लक्षात घेऊन सांगा.

निवांत_बंड्या
बाबाला बॉल सरळ मारता येत नाही ही तर पर्वणी आहे. कुठे जाणार ते त्यालाच माहीत नाही, म्हणजे पोरीच्या रिफ्लेक्सेसची आपोआप तयारी. हलकेच घ्या.

पेठेतला_गोली
ताई, मी कोल्हापूरचा. आठ वर्षं पेठेच्या टीमचा गोली होतो. शाहू स्टेडियमवर गोलमागं बसलेली आपलीच पोरं काय काय बोलतात ते इथं लिहिता येणार नाही, पण त्या शिव्यांमधूनच शिकलो.

डाइव्ह आत्ता सोडून द्या. खरंच. ज्या गोलीला सारखी उडी मारावी लागते त्याची उभं राहायची जागा चुकलेली असते. माझी पहिली दोन वर्षं अशीच गेली. रोज गुडघे फोडून घरी, आणि मॅच संपली की लोक म्हणायचे "काय उडी मारली भावा!" गोल झालेला असायचा तो भाग वेगळा.

दोन लांब दोऱ्या घ्या, कपडे वाळत घालायची नायलॉनची चालते. प्रत्येकीचं एक टोक एकेका पोस्टला बुडाशी बांधा. उरलेली दोन टोकं समोर आणून एका खुंटीला, त्या खुंटीजवळ बॉल ठेवा. झाला त्रिकोण. आता पोरीला गोलात उभं करू नका, आधी बॉलमागं उभं करा आणि तिथनं गोल बघायला लावा. आई किंवा बाबा गोलात उभे राहा. रेघेवर उभे राहिलात की दोन्ही बाजूंना कितीतरी मोकळं दिसतं. चार पावलं पुढं या, दोऱ्या अंगाजवळ येतात. तिला ते डोळ्यानं दिसलं की काम निम्मं झालं. नंतर तिनं दोऱ्यांमध्ये उभं राहायचं, दोन्हीकडं सारखं अंतर ठेवून. खुंटी हलवा, बॉल डावीकडं, उजवीकडं, कोपऱ्यात. प्रत्येक वेळी तिनं न बघता मध्य शोधायचा आणि मग खाली दोऱ्या बघून चूक मोजायची.

हिशोबच सांगतो. गोल ७.३२ मीटर रुंद. बॉल बरोबर समोर ११ मीटरवर असला आणि गोली साडेपाच मीटर पुढं, म्हणजे गोलसमोरच्या छोट्या बॉक्सच्या रेघेवर आला, तर दोऱ्यांमधलं अंतर बरोबर निम्मं होतं, ३.६६ मीटर. एक इंच उंची न वाढता अर्धा गोल झाकला की.

नियमाप्रमाणे
वरचा हिशोब बरोबर आहे, पण ११ मीटर म्हणजे नेमका पेनल्टीचा ठिपका, तेव्हा धागाकर्तीचा गैरसमज होऊ नये. पेनल्टी किक घेताना गोलकीपरला पुढे येता येत नाही. बॉलला पाय लागतो त्या क्षणी निदान एका पायाचा काही भाग गोलरेषेवर किंवा रेषेच्या सरळ वर असावा लागतो (मागे असला तरी चालतो). पूर्वी दोन्ही पाय रेषेवर लागायचे, २०१९ पासून एक पुरतो. तेव्हा दोरीचा सराव चालू खेळातल्या फटक्यांसाठी.

आणि एक. बॉल हातात धरून ठेवायची मुदत पूर्वी सहा सेकंद होती, आता आठ सेकंद. त्याहून जास्त धरला तर विरुद्ध टीमला कॉर्नर (मैदानाच्या कोपऱ्यातून किक). शेवटची पाच सेकंदं रेफरी हात वर करून बोटांनी मोजून दाखवतो. शाळेच्या स्पर्धेत कोणी मोजेल असं नाही, पण माहीत असावं.

पेठेतला_गोली
@नियमाप्रमाणे, मान्य. पेनल्टीचं मी बोलतच नव्हतो. उलट माझं म्हणणं असं की सरावात पंधरा पोरींनी ठिपक्यावरून मारणं हाच वेळेचा सत्यानाश आहे. मॅचमध्ये पेनल्टी मिळते एखादी, आणि पोरीच्या डोक्यात काय बसतं? रेघेवर चिकटून राहायचं.

सांगलीकर_सदू
गोलकीपर म्हटलं की आपला श्रीजेश! ऑलिंपिकची दोन ब्रॉंझ. तुमच्या लेकीला त्याचे व्हिडिओ दाखवा.

निवांत_बंड्या
सदू, तो हॉकीचा रे. 🙂 त्याला पायाला पॅड असतात आणि हातात स्टिक. ही बिचारी नुसत्या ग्लव्हजवर.

सांगलीकर_सदू
अरे हो की. पण जिगर तर तीच ना! प्रतिसाद मागे घेत नाही.

फिजिओ_शमा
गादीवरच्या उड्यांबद्दल. मी फिजिओथेरपिस्ट आहे, खेळणारी मुलंमुली माझ्याकडे नेहमी येतात. पडायला न शिकता डाइव्ह मारली की कोपर, मनगट आणि खांदा यांची वाट लागते. आणि कृपया पार्किंगच्या फरशीवर डाइव्ह नको, निदान ही एक गोष्ट ऐका.

पडणं खालून वर शिकवतात. पहिला आठवडा बसून: पाय पुढे, बॉल बाजूला हळू टाकायचा, तिने कुशीवर कलंडत पकडायचा. मग गुडघ्यांवर बसून तेच. मग उकिडवं. उभ्याने सगळ्यात शेवटी. जमिनीला आधी पोटरीची बाहेरची बाजू लागावी, मग मांडी, मग कुशी, मग खांदा, एकापाठोपाठ एक, पाट लोळवल्यासारखं. कोपर अंगाखाली यायला नको आणि पोटावर पालथं पडायला तर अजिबात नको. बॉल पकडताना एक हात बॉलच्या मागे, दुसरा वरून, आणि तिसरा हात म्हणजे जमीन. बॉल जमिनीवर दाबला की निसटत नाही.

दिशा पण महत्त्वाची. मुलं सरळ बाजूला किंवा चक्क मागे उडी मारतात. पहिलं पाऊल तिरकं पुढे, बॉलच्या दिशेने. बॉल जितका लवकर भेटेल तितकं कमी ताणावं लागतं. मागे पडलं की हाताला लागूनही बॉल आत जातो.

चिंचेचं_बुटुक
शमाताई, ते "पाट लोळवल्यासारखं" वाचून आत्ताच तिने जेवणाच्या टेबलाखाली करून दाखवलं. वरण सांडलं. 🙏

दोरीचा प्रयोग रविवारी करणार. मऊ जमीन मात्र कुठे मिळेल कळत नाही. शाळेच्या मैदानावर खडी आहे, अक्षरशः खडी.

पेठेतला_गोली
मी कुठं शिकलो सांगू? आखाड्यात. आमच्या तालमीत कुस्तीपण आणि फुटबॉलपण. लाल माती उकरून मऊ केलेली, त्यात ताक, तेल, हळद. वस्तादांना विचारून सकाळची कुस्ती संपली की आम्ही दोघं-तिघं तिथं पडायला शिकलो. कितीही पडा, काही होत नाही. फक्त ग्लव्हज न्यायचे नाहीत, पायताण बाहेर, आणि माती नंतर परत नीट करून ठेवायची. एकदा तशीच टाकून गेलो तर वस्तादांनी शंभर जोर काढायला लावले. तेही गोलीच्या कामाचेच म्हणा.

वाकडी_वाट
पुण्यात आखाडा शोधणार आणि त्यात मुलीला कोण घेणार? कोल्हापुरातलं सगळीकडे चालतं असं नसतं हो.

पेठेतला_गोली
पोरी आता कुस्ती खेळायलात, पदकं आणायलात. विचारून बघायला काय जातंय? नाहीच जमलं तर लांब उडीचा वाळूचा खड्डा. तो बऱ्याच मोठ्या मैदानांवर असतोच.

स्लिपमधला_संजू
क्रिकेटवाला आहे, पण बोलतोच. टेनिस बॉल आणि भिंत, याइतकं स्वस्त काही नाही. भिंतीपासून तीन मीटरवर भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, मागून कोणीतरी बॉल भिंतीवर फेकायचा, परत येतो तो पकडायचा. मागून येत असल्यामुळे कधी सुटला ते दिसतच नाही. आम्ही स्लिपसाठी करायचो. बाबाला सरळ फेकता येत नसेल तर आणखी उत्तम.

पेठेतला_गोली
@संजू, नजर बसायला चांगला आहे, पण एक धोका. क्रिकेटमध्ये तुम्ही बॉलबरोबर हात मागं आणता, अंगाशी घेता. आमच्यात तसं केलं की बॉल खांद्यावरून आत. आम्हाला बॉल अंगाच्या पुढं, कोपर किंचित वाकवून घ्यावा लागतो. छातीच्या वरचा असेल तर दोन अंगठे जवळजवळ टेकलेले, बोटं वर पसरलेली. पोटाच्या खालचा असेल तर उलट, करंगळ्या जवळ आणि ओंजळीत घेऊन छातीशी कवटाळायचा, तान्हं पोर घेतल्यासारखा. जमिनीवरचा येत असेल तर एक गुडघा आडवा टाकून पायांमधली फट बंद. पायातून गोल गेला की तो आठ वर्षं आठवतो. मला तारीख पण आठवते.

निवांत_बंड्या
तारीख सांगा की.

पेठेतला_गोली
नाही सांगणार.

मडगावचो_अण्णा
हे वाचून बरं वाटलं. आमच्या गोंयात गोलकीपरला मान आहे. ताळगावच्या ब्रह्मानंद सांखवळकरांना आम्ही साळगावकर क्लबच्या जर्सीत बघत मोठे झालो. पुढे १९९७ मध्ये अर्जुन पुरस्कार, २०२२ मध्ये पद्मश्री. भारताचे कॅप्टनही होते. गोलकीपरने कॅप्टन व्हावं हे मला आवडतं. सगळं मैदान त्यालाच समोर दिसतं.

उंचीवरून मुलीचं मन मोडू देऊ नका. भारताचा गोलकीपर गुरप्रीत साडेसहा फुटांच्या आसपास, त्याची गोष्ट सोडा. पण मणिपूरचा धीरज सिंग बघा. सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपला २०१७ मध्ये आपल्या गोलात तोच. नंतर एप्रिल २०२१ मध्ये एफसी गोवाकडून आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये कतारच्या अल रय्यानला शून्य-शून्यवर रोखलं. मॅच आमच्याच फातोर्ड्याला, पण कोविडमुळे स्टेडियम रिकामं. घरापासून हाकेच्या अंतरावर मॅच, आणि मी टीव्हीसमोर! तो काही ताडमाड नाही. मेक्सिकोचा होर्हे कॅम्पोस तर त्याहून बराच बुटका, तरी दोन वर्ल्ड कप खेळला.

पण बाय, बुटक्या गोलकीपरला एक दान देवाने दिलेलं असतं, ते म्हणजे तोंड. ओरडायला शिकव तिला. "माझा!" म्हटलं की माझा. "सोड!", "मागे माणूस!" शांत गोलकीपर मला बघवत नाही.

चिंचेचं_बुटुक
ओरडण्याचं प्रशिक्षण घरात जन्मापासून चालू आहे, अण्णा.

बर्लिनची_मनी
इथला अनुभव सांगते. माझा मुलगा सात वर्षांचा. जर्मनीत अगदी लहान मुलांना आता छोट्या मैदानावर दोन-दोन किंवा तीन-तीन जणांचे सामने खेळवतात, चार छोटे गोल, आणि गोलकीपरच नाही! २०२४ पासून सगळीकडे हेच. सुरुवातीला आम्ही आयाबाबा वैतागलो होतो, गोलकीपरशिवाय कसला फुटबॉल? पण मुलांचे पाय चालायला लागले. मोठ्या वयोगटातले गोलकीपरही सरावाचा बराच वेळ इतरांबरोबर पासिंग करतात. १९९२ पासून आपल्याच खेळाडूने पायाने दिलेला पास हातात घेता येत नाही, मग गोलकीपरला पाय हवेतच ना.

आणि गोल केवढा आहे ते बघा. इंग्लंडमध्ये बारा वर्षांखाली नऊ-नऊ जण खेळतात, गोल १६ फूट बाय ७ फूट. पूर्ण गोल २४ बाय ८. चार फूट दहा इंचाच्या मुलीला मोठ्यांच्या गोलात उभं केलं, तर वरच्या आडव्या बारखालून जाणारा बॉल ती अडवणार कशी? ती तिची चूकच नाही. सरावात निदान दोन खांब आत घेऊन गोल लहान करा.

वाकडी_वाट
हे सगळं ठीक. पण बारा वर्षांच्या पोरीला कोन, दोऱ्या, मीटर? खेळू द्या की. आम्ही दोन चपला ठेवून गोल करायचो.

पेठेतला_गोली
चपलांच्या गोलात पण बॉल चपलेला लागून आत गेला की बाहेर, यावर मारामाऱ्या व्हायच्या. म्हणजे कोन तेव्हापण होता, फक्त दोरी नव्हती.

आकडेमोड
पेनल्टीवरून आठवलं. इस्रायली संशोधकांनी २००७ मध्ये एक अभ्यास छापला होता, २८६ पेनल्टींचा. त्यात साधारण २९ टक्के फटके गोलच्या मधल्या भागात होते, पण गोलकीपर मध्येच उभा राहिला जेमतेम ६ टक्के वेळा. म्हणजे जागचं न हलणं इतकं वाईट नाही, पण कोणाला ते जमत नाही. उडी मारून गोल झाला तर "बिचाऱ्याने प्रयत्न केला", उभा राहून झाला तर "नुसता बघत बसला".

पेठेतला_गोली
हे अगदी खरं. मी एकदा मध्ये उभा राहिलो. बॉल कोपऱ्यात गेला. गोलमागून आवाज आला, "ए, तिकीट काढून आलायस काय?"

मडगावचो_अण्णा
हा हा. पण गुरप्रीतने २०२३ च्या सॅफ (दक्षिण आशियाई) स्पर्धेच्या फायनलमध्ये कुवेतची शेवटची पेनल्टी अडवली ती उडी मारूनच हां. बेंगळुरूला. आकड्यांवर विश्वास ठेव, पण पूर्ण नको.

फिजिओ_शमा
अवांतर, पण ग्लव्हज उशाशी म्हणाली म्हणून. लॅटेक्सचे असतील तर वापरायच्या आधी किंचित ओले करायचे, नंतर कोमट पाण्यात हाताने धुवायचे, सावलीत वाळवायचे. उन्हात टाकले की लॅटेक्स तडकतं. आणि ओले उशाशी ठेवू नका, वास कोणत्या थराला जातो ते नंतर कळेल.

चिंचेचं_बुटुक *(तीन आठवड्यांनी)*
धागा वर आणतेय, कारण सांगायचं खूप आहे.

दोरीचा प्रयोग केला. सोसायटीच्या मागच्या मोकळ्या जागेत दोन कुंड्यांमध्ये काठ्या रोवून गोल, सहा पावलं रुंद. आधी तिला बॉलमागे उभं केलं आणि बाबा गोलात. ती म्हणाली, "आई, बाबा बाजूला कितीतरी जागा सोडतोय!" मग बाबा पुढे आला तर म्हणे, "आता बॉल मारू कुठून?" मी काही समजावलंच नाही, तिचं तिलाच दिसलं. नंतर तिने बाबाला दीड तास गोलमध्ये उभं केलं, आता त्याची पाठ धरलीय.

पडण्याचा सराव लांब उडीच्या खड्ड्यात. आखाड्यात विचारायचं धाडस अजून झालं नाही, पण जाणार आहे.

काल शाळेची मॅच होती. तीन बॉल तिने न उडता नुसते पोटाशी घेतले. मला वाटलं समोरच्या मुलींना नीट मारता येत नाही. शेजारी बसलेले एक गृहस्थ म्हणाले, "पोरगी उभी बरोबर राहते." त्यांना काय सांगू!

पण एक गोल खाल्ला, तो डोक्यावरून. ही चांगली पुढे आली होती, आणि त्या मुलीने हळूच उचलून टाकला. आता ही म्हणतेय, परत रेघेवरच उभी राहते. पेठेतले दादा, आता काय?

वाकडी_वाट
मी म्हटलं होतं.

पेठेतला_गोली
एक गोल? डोक्यावरून? पेढे वाटा. कारण ती आता पुढं येते.

परत रेघेवर पाठवू नका. किती पुढं यायचं ते बॉल किती लांब आहे आणि समोरच्याची मान कुठं आहे यावर. मान खाली, बॉल पायाजवळ आणि अंतर कमी, तर पुढं. मान वर करून तो गोलकडं बघतोय आणि बॉल लांब आहे, तर दोन पावलं मागं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे समोरचा बॉलला पाय मारतो त्या क्षणी ती थांबलेली पाहिजे. पाय खांद्याइतके फाकलेले, वजन चवड्यावर, हात पुढं. पळत असताना बॉल सुटला तर ती कुठल्याच बाजूला जाऊ शकत नाही. सराव असा: तुम्ही बॉल घेऊन चालत या, ती पुढं येईल, तुम्ही मध्येच पाय मागं घेतला की तिनं जागच्या जागी थांबायचं, नुसतं नाटक असलं तरी. मारा किंवा मारू नका. मुलांच्या "स्टॅच्यू"सारखं.

डोक्यावरून गेलेल्या बॉलसाठी वेगळं. उलट्या पावलांनी मागं पळायचं नाही, पडतोच माणूस. एक खांदा मागं वळवायचा, कात्रीसारखे पाय टाकत जायचं, नजर बॉलवर, आणि वरचा हात वापरून बॉल बारवरून ढकलायचा. तिला पुढं उभं करा, बॉल हातानं उचलून मागं टाका, दहा डावीकडून, दहा उजवीकडून.

बर्लिनची_मनी
+१. इथले कोच उलट पावलं टाकली की शिट्टी वाजवून थांबवतात.

चिंचेचं_बुटुक
स्टॅच्यू! हे तर मलापण जमेल. आज संध्याकाळीच. फक्त आता दोरी नाही. दोरी शेजारच्या काकूंची होती, त्यांनी पापड वाळत घालायला परत नेली.

निवांत_बंड्या
पापड दोरीवर?

चिंचेचं_बुटुक
पापडांवर घालायच्या साडीसाठी हो. कावळ्यांपासून. त्यांचा गोलकीपर तीच.